ड्युटी संपल्यानंतरचा पहिला तास

दिवाळी अंकात मी माझ्या पहिल्या कादंबरीबद्दल दोन पानं लिहिली होती. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. संपादकांनी ती सगळी एका मोठ्या पाकिटात घालून माझ्या हाती दिली. प्रत्येकाला इथे उत्तर देणं जमणार नाही, म्हणून अनेकांनी विचारलेले प्रश्न आधी घेतले आहेत. तो अंक ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी १९८६ साली रेल्वेत लागलो, १९९५ पासून नागपूरच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर, म्हणजे मार्गाच्या एका भागातल्या (सेक्शनमधल्या) गाड्या फोनवरून चालवणारा, होतो आणि २०२४ मध्ये निवृत्त झालो. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांवरची कादंबरी २००६ मध्ये लिहायला घेतली. ती जानेवारी २०२३ मध्ये छापून आली, म्हणजे नोकरीत असतानाच.

प्रश्न : मी तहसील कार्यालयात कारकून आहे, वय ३८. कादंबरीची तीन प्रकरणं लिहून दोन वर्षं पडली आहेत. घरी आल्यावर डोकं चालत नाही. वर्षभर बिनपगारी रजा घ्यावी किंवा नोकरीच सोडावी असं वाटतं. घरचे म्हणतात, निवृत्तीनंतर लिहा. काय करू? (एक वाचक, भंडारा)

भाऊ, यातलं काहीच करू नका. नोकरी सोडून लिहायला बसलात की दुसऱ्या महिन्यापासून पैशाची काळजी लागेल, आणि ती काळजी कादंबरीच्या पानावर उतरेल. पुस्तक लवकर संपवायची घाई सुटेल. कादंबरीला घाई सोसत नाही.

आता निवृत्तीचं. माझ्या शेजारच्या बोर्डावर (कंट्रोलरच्या टेबलाला आम्ही बोर्ड म्हणतो) बसणारे एक सीनियर सहकारी होते. आमच्या ऑफिसात त्यांच्याइतकं सुंदर कोणी लिहीत नसे. साधा खुलासा लिहिला तरी वाचत राहावंसं वाटायचं. ‘रिटायर झालो की बसतोच,’ म्हणायचे. निवृत्तीनंतर आठ महिन्यांत ते गेले. तेराव्याला त्यांच्या मुलानं मला एक जाड वही दाखवली. पहिल्या पानावर कादंबरीचं नाव होतं, टपोऱ्या अक्षरात, खाली पट्टीनं दोन रेघा मारलेल्या. पुढची सगळी पानं कोरी. ती वही मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो. त्याच आठवड्यात बर्डीवरून, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून, दोनशे पानी वही आणली आणि सुरुवात केली.

वेळेचं म्हणाल तर माझी पाळी फिरती. कधी सकाळी सहाला हजर, कधी दुपारी, कधी मध्यरात्री. ‘रोज पहाटे पाचला उठा आणि लिहा’ हा सल्ला मला कधीच लागू पडला नाही. सुरुवातीचं एक वर्ष त्यातच वाया गेलं. मग घड्याळाचा नाद सोडला आणि एवढंच ठरवलं की ड्युटी संपवून घरी आलं की पहिला तास कादंबरीचा. रात्री बाराला सुटलो तर एक ते दोन. सकाळी सहाला सुटलो तर चहा घेऊन सात ते आठ. पेपर, फोन, आंघोळ, सगळं नंतर. कधी दोन पानं व्हायची, कधी चार ओळी. पण तास मोडला नाही. घरच्यांनाही त्याची सवय झाली. मुलगी लहान असताना दार उघडून बघायची आणि ‘बाबा अजून ऑफिसातच आहेत’ असं आईला सांगायची.

मे महिन्यात त्या तासाची परीक्षा असे. कूलरशिवाय बसणं अशक्य, आणि कूलरच्या ओल्या हवेनं कागद नरम पडायचा, शाईच्या पेनानं लिहिलेलं फुटायचं. तेव्हापासून सगळं बॉलपेननं लिहिलं. वहीच्या डाव्या पानावर पोळपाट ठेवायचो, उडू नये म्हणून. २००९ सालच्या उन्हाळ्यातल्या पानांना अजून वाळ्याचा वास आहे.

तुम्ही लिहिता, डोकं चालत नाही. पण तुमच्या टेबलासमोर दिवसभर कोण उभं असतं ते आठवा. वारस नोंदीसाठी दोन भाऊ येतात. ते एकमेकांकडे बघतात का, अर्ज कोण पुढे करतो, बहिणीचं हक्कसोडपत्र कोणाच्या पिशवीतून निघतं, हे तुम्हाला रोज दिसतं. घरात बसून लिहिणाऱ्याला हे कुठून मिळणार? कंट्रोलच्या फोनवर सेक्शनमधली सगळी स्टेशनं एकाच लाइनवर असतात. मी अकरा वर्षं नागपूर-आमला बोर्डावर बसलो. कळमेश्वरचा मास्तर एक प्रकारे बोलायचा, पांढुर्ण्याचा दुसऱ्या प्रकारे, आणि मुलताईच्या पुढे तर मराठी हळूहळू हिंदीत विरघळायची. नागपुरात कडक ऊन असताना मुलताईच्या मास्तरच्या आवाजामागे पाऊस ऐकू यायचा. माणसाचा चेहरा न बघता नुसत्या आवाजावरून तो थकला आहे, रागावला आहे की काही लपवतो आहे, हे ओळखायला मी तिथे शिकलो. माझ्या कादंबरीतले संवाद त्या हेडफोनमधून आले आहेत.

उद्या ऑफिसातून आल्यावर चौथ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य लिहा. आधीची तीन प्रकरणं परत वाचू नका. वाचलीत तर दुरुस्त करत बसाल आणि आणखी वर्ष जाईल.

प्रश्न : सरकारी नोकरीत असताना कादंबरी छापायला परवानगी लागते का? (अनेक वाचक)

मी रेल्वे सेवा (वर्तणूक) नियम, १९६६ खाली होतो. केंद्राच्या इतर कर्मचाऱ्यांना १९६४ चे नियम लागू आहेत. दोन्हींत निव्वळ साहित्यिक लेखनाला मोकळीक आहे. अट एवढीच की कामावर परिणाम होऊ नये आणि मतं स्वतःची आहेत, सरकारची नाहीत, हे स्पष्ट असावं. तरी मी ऑफिसला पत्र दिलं, पोच घेतली आणि पुस्तकाच्या चौथ्या पानावर तसं छापलं. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांनी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आस्थापना शाखेतून मागून स्वतः वाचावेत आणि छापण्याआधी लेखी कळवावं. तोंडी ‘हो, छापा ना’ यावर जाऊ नये. आणि ऑफिसच्या फायलीतली नावं, गावं, प्रकरणं जशीच्या तशी कधीही वापरू नका. माणूस ओळखू आला तर दोष नियमाचा नाही, आपला.

प्रश्न : मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे. साडेपाचशे पानं लिहून झाली. पात्रं खूप आहेत, मध्येच सगळं रेंगाळतं. कुठे कापू कळत नाही. (एक वाचक, मानेवाडा, नागपूर)

माझा पहिला खर्डा २०११ मध्ये संपला तेव्हा वहीची ६४० पानं होती. मलाही कळत नव्हतं. मी जे केलं ते सांगतो, तुम्हाला तुमच्या पद्धतीनं करता येईल.

कंट्रोलमध्ये पूर्वी आम्ही हातानं चार्ट काढायचो. आडव्या रेषेवर चोवीस तास, उभ्या रेषेवर स्टेशनं. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेघ, पेन्सिलीनं ओढलेली. गाडी स्टेशनात थांबली की रेघ आडवी होते, पळाली की तिरपी. पुढे हे सगळं कॉम्प्युटरवर आलं आणि कोरे चार्ट कपाटात पडून राहिले. साहेबांना विचारून त्यातला एक मी घरी आणला. जेवणाच्या टेबलावर अंथरला. चोवीस तासांच्या जागी कादंबरीतली बारा वर्षं घातली, स्टेशनांच्या जागी ठिकाणं : बाग, घराची ओसरी, काटोलची बँक, नागपूरचं संत्रा मार्केट, मुंबई. मग एकेका पात्राची रेघ ओढत गेलो. थोरल्या भावाला लाल पेन्सिल, काकाला निळी, सुनेला हिरवी.

तीन रविवार लागले. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी टेबलाजवळ उभा राहून बघितलं आणि दोन गोष्टी लख्ख दिसल्या. काकाची निळी रेघ थोरल्या भावाच्या लाल रेघेला चिकटून पळत होती. तीच ठिकाणं, तीच वर्षं, तोच बापाशी तंटा. एकाच पाथवर, म्हणजे एकाच वेळी एकाच वाटेवर, दोन गाड्या. काका मला फार आवडायचा, त्याच्या तोंडी उत्तम बोलणं होतं, पण त्याला काढावं लागलं. त्याची चार चांगली वाक्यं भावाला दिली.

दुसरी गोष्ट जास्त मोठी होती. सुनेची हिरवी रेघ काटोलला आडवी पडली होती, तब्बल १४० पानं. आमच्या भाषेत सांगायचं तर मेल गाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी होती आणि मेन लाइनवरून मालगाड्या चालल्या होत्या. कर्ज फेडायला बागेतली झाडं तोडायचा निर्णय सून घेते. कादंबरी तिची होती. पाच वर्षं मी ती दोन भावांची समजून लिहीत होतो. त्यानंतरचा खर्डा तिच्यापासून सुरू झाला.

तुम्हाला चार्टच पाहिजे असं नाही. घरच्या भिंतीवर कागद लावा, नाहीतर तुमच्या कॉम्प्युटरवर करा. पण पात्रांना जागा आणि काळ यांच्यावर मांडून एकदा डोळ्यांनी बघा. वाचून जे कळत नाही ते असं कळतं.

त्यानंतर एक वाचक शोधा. साहित्यिकच हवा असं नाही, तुमच्या विषयातला जाणकार हवा. माझा वाचक म्हणजे सेक्शनमधले एक निवृत्त स्टेशन मास्तर. त्यांची काटोलजवळ स्वतःची बाग आहे. त्यांनी दोन महिने घेऊन वाचलं आणि मला गावी बोलावलं. ओसरीवर बसल्यावर पहिलं वाक्य : ‘तुमच्या बागेत मे महिन्यात झाडं ताणावर सोडली आहेत आणि नोव्हेंबरात संत्री विकली. हा कोणता बहार?’ मी गप्प. ताण म्हणजे फूल यावं म्हणून झाडाचं पाणी तोडणं, आणि बहार म्हणजे फुलण्याचा हंगाम. मे महिन्यात ताण दिला तर तो मृग बहार. पाऊस पडला की जून-जुलैत फूल आणि फळ हाती येतं फेब्रुवारी-मार्चमध्ये. नोव्हेंबरात विकायची तर आंबिया बहार हवा, त्याचं फूल जानेवारी-फेब्रुवारीतलं आणि ताण त्याच्याही आधी, थंडी पडू लागते तेव्हा. माझी तीन प्रकरणं त्या चुकीवर उभी होती. लग्नाची तारीख, बँकेचा हप्ता, व्यापाऱ्याचा इसार, सगळं हललं. दुरुस्तीला सात महिने लागले. काटोलचा एखादा शेतकरी ती चूक वाचून पुस्तक मिटून ठेवता, तर माझी सतरा वर्षं त्याच्यापुरती फुकट गेली असती.

प्रश्न : माझ्या कादंबरीतली माणसं वऱ्हाडी बोलतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला समजेल का? मैत्रिणी म्हणतात, प्रमाण मराठीत कर. (एक शिक्षिका, वर्धा)

ताई, करू नका. तुमच्या माणसांच्या तोंडून भाषा काढून घेतली तर उरतं काय?

माझ्या पुस्तकाची पहिली प्रुफं आली तेव्हा मुद्रितशोधकांनी ‘येऊन राहिला’, ‘बोलून राहिली’ हे जिथे जिथे होतं तिथे ‘येत आहे’, ‘बोलत आहे’ केलं होतं. त्यांचा हेतू चांगला होता, त्यांना ती चूक वाटली. ‘काहून’चं ‘का’ झालं होतं. एका ठिकाणी सासू सुनेला म्हणते, ‘कायले रडून राहिली वं?’ त्याचं ‘कशाला रडत आहेस?’ झालेलं. अर्थ तोच, पण ती सासू तिथून उठून गेली होती. मी प्रुफाच्या समासात एकेक शब्द परत घातला. चाळीसच्या वर जागा होत्या. मग संपादकांशी फोनवर बोललो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच गोष्ट मागितली, ती रास्त होती : कसंही लिहा, पण सगळीकडे सारखं लिहा. ‘मले’ एकदा ‘मले’ आणि पुढच्या पानावर ‘मला’ असं नको.

म्हणून आत्ताच एक वही करा. बोलीतला प्रत्येक शब्द तुम्ही कसा लिहिणार ते त्यात नोंदवा. कोण ‘मले’ म्हणतं, शहरात शिकून आलेलं कोण ‘मला’ म्हणतं, नागपुरात नोकरीला लागलेला पोट्टा घरी आल्यावर कोणती भाषा धरतो, हेही ठरवा. निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणं बोलीत, हा मार्ग मी घेतला. तुम्ही सगळंच बोलीत लिहू शकता. शेवटी शब्दार्थांची यादी जोडायची गरज मला वाटत नाही. वाक्य नीट बांधलं असलं की अर्थ वाक्यातूनच कळतो.

प्रश्न : एका प्रकाशकाने कादंबरी ‘स्वीकारली’ आहे, पण ९० हजार रुपये मागितले आहेत. करारात सर्व हक्क त्यांच्याकडे आहेत. पहिलंच पुस्तक आहे, सही करू का? (एक अभियंता, अमरावती)

सही करू नका. निदान या कागदावर करू नका.

मीही त्या जागी उभा होतो. एका प्रकाशकाकडे माझं हस्तलिखित दीड वर्ष पडून राहिलं, उत्तर नाही. दुसऱ्यानं पंधरा दिवसांत होकार दिला आणि ८५ हजार मागितले. दीड वर्षाच्या शांततेनंतर तो होकार इतका गोड वाटला की मी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढायचा अर्ज भरला होता. बायकोनं करार हातात घेतला, वाचला आणि विचारलं, ‘पैसे आपले, पुस्तक तुमचं, मग हक्क त्यांचे कसे?’ अर्ज फाडला.

कायदा लेखकाच्या बाजूचा आहे, तो माहीत असला पाहिजे. प्रताधिकार कायदा १९५७ चा. लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा असतो, कुठे नोंदणी करावी लागत नाही, आणि तो तुमच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षं टिकतो. कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. हक्क घेऊन प्रकाशकानं वर्षभरात त्याचा वापर केला नाही, तर करारात वेगळं काही नसल्यास तो परत तुमच्याकडे येतो. म्हणून ‘सर्व हक्क कायमचे’ या तीन शब्दांवर बोट ठेवा. मराठी छापील आवृत्तीचा हक्क ठरावीक वर्षांसाठी द्या. भाषांतर, ऑडिओ, चित्रपट हे वेगळे ठेवा. किती प्रती छापणार, रॉयल्टी किती टक्के, हिशेब कोणत्या महिन्यात, हे लिहून घ्या. मला दहा टक्के मिळतात आणि हिशेब एप्रिलमध्ये येतो.

आणखी दोन रस्ते आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० पासून आहे आणि नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं. हस्तलिखितं मागवल्याची जाहिरात येते, तिच्यावर लक्ष ठेवा. आणि पैसे खर्च करायची तयारीच असेल तर स्वतः प्रकाशक व्हा, त्यात कमीपणा नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून लेखकालाही मिळतो, त्याला शुल्क नाही. छापखान्यात स्वतः जा, कागद हातात घेऊन बघा. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यात छापलं जातं, तेव्हा पानं त्या हिशेबात बसवा. माझी ३०४ पानं म्हणजे बरोबर १९ फर्मे. शेवटची नऊ पानं त्यासाठी कापली आणि पुस्तक सुधारलं. छापून झालं की १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरलेल्या इतर तीन ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते, ती विसरू नका. अडचण विक्रीत येते. घरी पाचशे प्रती येऊन पडल्या की त्या हलवायला वेगळी ताकद लागते. तेवढा विचार आधी करा.

माझं पुस्तक शेवटी तिसऱ्या प्रकाशकानं घेतलं, पैसे न मागता. हस्तलिखित पाठवल्यापासून छापून येईपर्यंत आणखी अडीच वर्षं गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याला ९६ वं साहित्य संमेलन भरलं, तिथे ते स्टॉलवर ठेवलेलं मी पहिल्यांदा बघितलं. हिंगणघाटचा एक कापूस व्यापारी उभ्या-उभ्या आठ पानं वाचून गेला आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन विकत घेतलं. मी शेजारीच होतो, त्यांना कळू दिलं नाही.

प्रश्न : वय ६१. सासूबाईंच्या आजारपणात रात्री जागताना पाच वह्या लिहिल्या. कोणाला दाखवल्या नाहीत. आता काही उपयोग आहे का? (एक वाचक, काटोल रोड, नागपूर)

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. बेडपॅन धुऊन येऊन टॉर्चच्या उजेडात लिहिलं, असं तुम्ही एका ओळीत सांगून पुढे गेलात. त्या एका ओळीवरून मला वह्या वाचायच्या आहेत.

वयाचं मनात आणू नका, हस्तलिखितावर वय लिहावं लागत नाही. आधी पाचही वह्यांना क्रमांक घाला, पानांना आकडे टाका. मग टाइप करून घ्या आणि युनिकोडमध्येच करा म्हणावं, जुन्या फॉन्टमध्ये केलेलं दुसरीकडे उघडत नाही. मी बर्डीवर जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलं होतं, दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागले. टाइप करणाऱ्याजवळ पहिले दोन दिवस बसा, तुमचं अक्षर त्याला कळेपर्यंत.

माझा पत्ता संपादकांकडे आहे. पहिल्या वहीची झेरॉक्स पाठवा. मूळ वही घरीच ठेवा, ती कोणाच्याही हाती देऊ नका, माझ्याही नाही.